धडधाकट मुलगा मेडिकलला ‘अनफिट’ कसा ठरतो?

ठिपक्यांनी भरलेलं एक गोल चित्र समोर धरलं जातं. हिरवट, पिवळसर, तांबूस, लहानमोठे ठिपके. रांगेतला पहिला मुलगा म्हणतो, ७४. दुसराही म्हणतो, ७४. तिसरा म्हणतो, २१. तो घाबरलेला नाही आणि बावळटही नाही. त्याला खरोखरच २१ दिसतात. तीन वर्षं पहाटे चारला उठून पळालेला, सैन्यभरतीचा पेपर काढलेला, ग्राउंड काढलेला हा मुलगा या एका पानावर अडतो. घरी येऊन सांगतो तेव्हा आईवडिलांना काहीच उमगत नाही. चष्मा नाही, कधी दवाखाना नाही, चार पोती एकटा उचलतो, मग अनफिट कसा?

अग्निवीरांचे, म्हणजे चार वर्षांसाठी घेतल्या जाणाऱ्या सैनिकांचे, भरती मेळावे झाले किंवा एनडीएचे (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे) निकाल लागले की हा प्रश्न दरवेळी ऐकू येतो. मग कुणी म्हणतं, नशीब. कुणी म्हणतं, वशिला लागतो. खरं कारण बहुतेक वेळा तिसरंच असतं आणि ते कुणी नीट समजावून सांगितलेलं नसतं. मेडिकल प्रत्यक्षात होते ती शेवटी, पण ज्याला सैन्यात जायचंय त्याने ती सगळ्यात आधी समजून घ्यायला हवी. अकॅडमीची फी भरण्याच्याही आधी.

निरोगी असणं वेगळं, फिट असणं वेगळं

आपण डॉक्टरकडे जातो तेव्हा प्रश्न असतो, ‘मला काही झालंय का?’ सैन्याचा डॉक्टर वेगळा प्रश्न विचारत असतो. हे शरीर पुढची अनेक वर्षं, मदत जवळ नसलेल्या ठिकाणी, ओझं घेऊन, झोप मोडून काम करू शकेल का? दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगळी निघू शकतात.

गाडीच्या पासिंगसारखं समजा. गावातल्या गावात फिरणारी जुनी गाडी थोड्या सैल ब्रेकवरही वर्षानुवर्षं चालते, मालकाला काही जाणवत नाही. तीच गाडी पन्नास प्रवासी घेऊन घाट उतरणार असेल, तर तपासणारा अधिकारी ब्रेक बघूनच शिक्का मारतो. त्याने गाडी नापास केली म्हणजे ती भंगार ठरली असं नाही. या कामाला ती चालणार नाही, एवढंच त्याने सांगितलं.

सैनिकाचा घाट कसा असतो तेही पाहू. साधारण साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या मानाने निम्म्यावर येतो. सियाचिन भागात याहून उंचावरही आपल्या चौक्या आहेत. तिथे धडधाकट माणसाच्याही फुप्फुसात पाणी साचू शकतं. राजस्थानच्या वाळवंटात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पाणबुडीत खिडकी उघडून मोकळी हवा घेता येत नाही. अशा जागी एक जण आजारी पडला, तर नुकसान एकट्याचं होत नाही. त्याला स्ट्रेचरवरून उतरवायला किमान चार जण लागतात. दहा जणांच्या तुकडीतले पाच तिथेच कमी झाले. मेडिकलचे बहुतेक निकष या हिशोबातून आले आहेत.

तपासणी कोण करतं, आणि ‘शेप’ म्हणजे काय

अग्निवीर भरतीत मेळाव्यातली शारीरिक चाचणी पार केल्यावर सैन्याचे डॉक्टर तपासतात. शंका असेल किंवा अनफिट ठरवलं असेल, तर पुढे सैनिकी रुग्णालयातल्या तज्ज्ञाकडे पाठवतात. मुलांच्या भाषेत ‘रेफर झाला’. अधिकारी व्हायचं असेल तर एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची, पाच दिवसांची मुलाखत पार केल्यावर सैनिकी रुग्णालयात विशेष वैद्यकीय मंडळापुढे सविस्तर तपासणी होते. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी आणि डोळे, कान, दात, हाडं असं एकेक तज्ज्ञ बघतात. हवाई दलाच्या अधिकाऱ्यांची तपासणी दिल्ली आणि बंगळुरूच्या खास संस्थांमध्ये होते.

सैन्यात ‘शेप’ हा शब्द सतत कानावर पडतो. ती पाच इंग्रजी अक्षरं आहेत आणि प्रत्येक अक्षर शरीराच्या एकेका बाजूसाठी आहे. एस म्हणजे मानसिक स्वास्थ्य, एच म्हणजे ऐकू येणं, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे एकूण शारीरिक क्षमता आणि ई म्हणजे नजर. प्रत्येक बाजूला १ ते ५ असा दर्जा मिळतो. पाचही बाजूंना १ असेल तो ‘शेप-वन’. ही मोजणी नोकरीतल्या सैनिकांची असते. भरतीची तपासणीही याच पाच बाजू चाचपते, पण भरती होणाऱ्याला कोणत्याही बाजूला सूट नसते. सरासरीचा हिशोब इथे चालत नाही. गणितातले जादा मार्क इंग्रजीला देता येत नाहीत, तसंच फुप्फुस कितीही दमदार असलं तरी त्याच्या जोरावर डोळ्यांची कसर भरून निघत नाही.

डोळे: चष्मा आणि रंग या दोन अगदी वेगळ्या गोष्टी

‘चष्मा आहे म्हणजे सैन्य संपलं’ हा सगळ्यात मोठा गैरसमज. आधी ६/६ म्हणजे काय ते पाहू. सामान्य नजरेच्या माणसाला सहा मीटरवरून जे अक्षर वाचता येतं ते तुम्हालाही सहा मीटरवरून वाचता आलं, तर तुमची नजर ६/६. सामान्य माणसाला ३६ मीटरवरून दिसणारं मोठं अक्षर वाचायला तुम्हाला सहा मीटरपर्यंत जावं लागत असेल, तर ६/३६.

एनडीएतून भूदलात जाणाऱ्यासाठी चष्म्याशिवाय ६/३६ पर्यंतची नजर चालते. अट अशी की चष्मा लावल्यावर ती दोन्ही डोळ्यांत ६/६ व्हायला हवी आणि लांबचं न दिसण्याचा नंबर उणे अडीचच्या आत हवा. वैमानिकासाठी मात्र दार बरंच अरुंद आहे. एनडीएतून लढाऊ विमान चालवायला जायचं तर हा लांबचा नंबर मुळीच चालत नाही. शिपाई पदाचे निकष पुन्हा वेगळे. त्यामुळे ‘सैन्यात चष्मा चालतो का’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. कुठलं दल, कुठलं पद, हे आधी ठरवावं लागतं.

लेझरने नंबर घालवणाऱ्यांनीही थांबून विचार करावा. लेसिकसारखी शस्त्रक्रिया पदवीनंतरच्या अधिकारी भरतीत चालते, पण ती विसाव्या वर्षानंतर झालेली असावी, होऊन किमान १२ महिने उलटलेले असावेत आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नसावी, अशा अटी आहेत. एनडीएला बसणारा मुलगा विशीच्या आतलाच असतो. कुणाच्या सांगण्यावरून सतराव्या वर्षी लेझर करून घेणं म्हणजे पैसे घालवून स्वतःचा रस्ता बंद करणं आहे.

आता त्या ७४ आणि २१ कडे येऊ. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यातल्या लाल किंवा हिरव्या रंगाच्या पेशी जन्मतःच नीट काम करत नसतील, तर हे दोन रंग एकमेकांत मिसळतात. याला रंगांधळेपणा म्हणतात. नाव फसवं आहे, कारण अशा माणसाला जग काळंपांढरं दिसत नाही. आकाश निळंच दिसतं. पिकलेला आणि कच्चा टोमॅटोही तो छटेवरून, अंदाजाने ओळखतो. आयुष्यभर सवयीने निभावून नेल्यामुळे त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ मध्ये ठिपक्यांच्या चित्रांचा संच छापला, तो हा अंदाज चालू नये म्हणूनच. छटेवरून ओळखायची सोयच त्यात काढून टाकली आहे.

दोष आईकडून मिळालेल्या एक्स गुणसूत्रावरून येतो. मुलाकडे एक्स एकच असतो, त्यामुळे त्याच्यात तो उघड होतो. मुलीकडे दुसरा एक्स बाजू सावरतो. म्हणून मुलांमध्ये हा दोष कितीतरी जास्त दिसतो. यात आईची काही चूक नाही, हे मुद्दाम सांगतो. कारण निकाल घरी कळल्यावर बोल तिलाच लावलेला मी पाहिला आहे.

‘लाल-हिरव्याने काय बिघडतं?’ असं वाटेल. १८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागरलुंडाजवळ दोन रेल्वेगाड्यांची टक्कर झाली. तिथल्या होल्मग्रेन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने संशय घेतला की कर्मचाऱ्याला सिग्नलचा रंगच ओळखता आला नसावा, आणि त्यानंतर रेल्वेत रंगदृष्टी तपासायला सुरुवात झाली. सैन्यात तर रंगावर फार काही अवलंबून असतं. जहाज आणि विमान दोन्हींना डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवा असतो. अंधारात समोरचं जहाज आपल्याकडे येतंय की दूर जातंय, हे त्या दोन ठिपक्यांवरूनच कळतं. या दोषावर औषध नाही, व्यायाम नाही. रंगीत काचांचे चष्मे विकले जातात, पण ते दोष बरा करत नाहीत. रंगदृष्टीची अपेक्षा शाखेनुसार कमीजास्त असते, म्हणून नेमका दर्जा माहीत असणं महत्त्वाचं. डोळ्यांच्या कुठल्याही डॉक्टरकडे पाच मिनिटांत ही तपासणी होते. दहावीतच करून घ्या.

गुडघे, तळवे आणि सेंटीमीटरचा हिशोब

चष्म्याखालोखाल मुलं अडकतात ती पायांवर. आरशासमोर ताठ उभे राहा आणि गुडघे हलकेच एकमेकांना टेकवा. मग खाली घोट्यांमधलं अंतर पाहा. गुडघे चिकटले आणि घोटे लांबच राहिले, तर त्याला ‘नॉक नी’ म्हणतात. अधिकारी भरतीच्या निकषांत हे अंतर मुलांसाठी ५ सेंटीमीटरच्या आत आणि मुलींसाठी ८ सेंटीमीटरच्या आत हवं.

एवढ्याने काय फरक पडतो? दाराची बिजागरी किंचित वाकडी असली तरी दार उघडतं, लागतं. पण रोज शंभर वेळा आपटलं की आधी बिजागरीची तीच बाजू झिजते. गुडघाही बिजागरीच आहे. पाठीवर वीस-पंचवीस किलो घेऊन, डोंगरउतारावर, वर्षानुवर्षं चालताना सगळा भार सांध्याच्या एकाच बाजूवर पडत राहतो. आज दुखत नाही, हे खरंच आहे. डॉक्टरला काळजी आहे ती दहा वर्षांनंतरच्या गुडघ्याची.

सपाट तळव्यांबद्दल घबराट जास्त आणि माहिती कमी. पाय ओला करून फरशीवर ठेवा. ठशात पावलाची आतली बाजू रिकामी दिसली तर कमान आहे. पूर्ण पाऊल उमटलं तर तळवा सपाट. पण इथे संपलं नाही. आता टाचा उचलून चवड्यांवर उभे राहा. तेव्हा कमान दिसू लागली, पाऊल लवचीक असलं, दुखत नसलं, धावता-उड्या मारता येत असलं, तर असा तळवा स्वीकारला जातो. चवड्यावरही कमान उमटत नाही आणि पाऊल ताठर आहे, तो तळवा नाकारतात. नुसत्या ओल्या ठशावरून अकॅडमीतल्या कुणी ‘तुझं होणार नाही’ म्हटलं म्हणून मैदान सोडू नका.

उंचीचं थोडक्यात. अग्निवीर जनरल ड्यूटीसाठी महाराष्ट्रातल्या मुलांना १६८ सेंटीमीटर उंची लागते, छाती ७७ आणि फुगवून ५ सेंटीमीटर वाढायला हवी. सैनिकांच्या आणि माजी सैनिकांच्या मुलांना उंचीत २ सेंटीमीटरची सवलत आहे. छाती फुगवण्याची अट दिखाव्यासाठी नाही, बरगड्या आणि फुप्फुसं किती मोकळी होतात ते त्यातून कळतं. उंची वाढवणाऱ्या गोळ्या आणि पावडरींवर मात्र एक रुपयाही घालवू नका. हाडांची वाढणारी टोकं एकदा जुळली की कुठलीच पावडर ती उघडत नाही.

जास्त उंचीही आड येऊ शकते, हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. वैमानिकाच्या पायांची लांबी ९९ ते १२० सेंटीमीटरमध्ये हवी आणि मांडीची ६४ पेक्षा जास्त नको. पाय आखूड तर पेडलपर्यंत पोहोचत नाहीत. मांडी लांब, तर संकटात आसनासकट बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या पॅनेलवर आदळतील.

बाकीच्या गोष्टी

कानाची एक तपासणी अगदी साधी आहे. उमेदवार पाठ करून उभा राहतो, ६१० सेंटीमीटरवरून, म्हणजे वीस फुटांवरून, डॉक्टर जोर देऊन कुजबुजतात आणि एकेका कानाने ते ऐकू यायला हवं. कानात मळ साचला असेल तर पडदाच दिसत नाही आणि निव्वळ त्यापायी तपासणी लांबते.

दातांना गुण असतात. एकूण २२ पैकी किमान १४ हवेत. दूरच्या चौकीवर दाढ ठणकायला लागली तर दंतवैद्य तिथे नसतो आणि उंचावर हवेचा दाब बदलला की किडक्या दातातली कळ असह्य होते. टॅटू कायमचा असेल तर तो हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, किंवा तळहाताच्या मागच्या बाजूलाच चालतो. आदिवासी समाजांच्या पारंपरिक गोंदणाचा वेगळा विचार होतो. वजन कमी असणं आणि जास्त असणं, दोन्ही अडचणीचं.

‘एक पाय नसलेला अधिकारी चालतो, मग आमचा मुलगा का नाही?’

हा आक्षेप रास्त आहे. १९७१ च्या युद्धात सुरुंगावर पाय पडल्यावर मेजर इयान कार्डोझो यांनी खुकरीने स्वतःचा जायबंदी पाय तोडला. पुढे कृत्रिम पायाने त्यांनी पायदळाची बटालियन सांभाळली, ब्रिगेड सांभाळली आणि ते मेजर जनरल झाले. मग सपाट तळव्याच्या मुलाला परत का पाठवायचं?

कारण नोकरीत असलेल्या सैनिकाकडे अनुभव असतो, कौशल्य असतं आणि तो देशाच्या कामात जखमी झालेला असतो. त्याला सांभाळणं सैन्याचं कर्तव्य आहे. ‘शेप’मधले खालचे दर्जे त्याच्यासाठीच ठेवले आहेत. दाराशी उभ्या असलेल्या मुलाबद्दल अजून कुणालाच काही माहीत नाही. त्याच्यावर अत्यंत खडतर प्रशिक्षण लादायचं आहे, आणि शरीराचा जो कच्चा दुवा आज दिसतोय, त्याच जागी तो मोडला तर त्याचं आयुष्यभराचं नुकसान होईल.

‘अग्निवीर तर चारच वर्षांचा, मग एवढी काटेकोर तपासणी कशाला?’ असंही विचारतात. शरीरावरचा सगळ्यात मोठा ताण पहिल्याच काही महिन्यांत, प्रशिक्षणात येतो. शिवाय त्यांतल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे आणखी १५ वर्षांसाठी कायम केलं जाणार आहे. तपासणी त्या पंधरा वर्षांचीही आहे.

आजार लपवून आत गेलं तर?

हा सल्ला देणारे सर्रास भेटतात. ‘झटके येत असत, ते सांगू नकोस.’ ‘गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणू नकोस.’ ज्या मुलाला अपस्माराचा झटका येऊ शकतो त्याच्या हातात भरलेली रायफल असणार आहे आणि शेजारी दुसऱ्या कुणाचा मुलगा उभा असणार आहे. एवढं चित्र डोळ्यांपुढे आणलं तरी पुरे.

यात कायद्याची बाजूही आहे आणि ती सैनिकाच्या फायद्याची आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात म्हटलं की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर नंतर उद्भवलेलं अपंगत्व सेवेमुळेच आलं असं धरून चालायचं. तसं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. याचा अर्थ असा की भरतीच्या दिवशी भरलेला तो कागद पुढे अपंगत्वाच्या पेन्शनचा आधार होतो. म्हणून डॉक्टर एवढं बारकाईने पाहतात. आणि म्हणूनच त्यात खोटं लिहिणारा स्वतःचाच आधार पोखरतो. लपवलेली गोष्ट उघड झाली तर नोकरीही जाते.

‘टेम्पररी’ आणि ‘परमनंट’: कागद हातात आल्यावर काय करायचं

अनफिट हा शब्द दोन प्रकारे येतो. टेम्पररी म्हणजे दुरुस्त होण्याजोगं, परमनंट म्हणजे मंडळाच्या मते न सुधारणारं. संघ लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीतच काही त्रास आधीच बघून घ्या असं सांगितलेलं असतं: कानातला मळ, नाकाचं वाकडं हाड, हायड्रोसील (अंडकोषाभोवती पाणी साचणं), मूळव्याध, टॉन्सिल, व्हेरिकोसील (अंडकोषाच्या शिरा फुगणं), मुलांची स्तनांसारखी वाढलेली छाती, कमी-जास्त वजन. यातल्या बहुतेकांवर उपाय आहेत. पण शस्त्रक्रियेनंतर जखम पूर्ण भरायला काही महिने द्यावे लागतात, त्यामुळे मेडिकलच्या आठवडाभर आधी धावाधाव करून उपयोग नाही. लाजेपोटी व्हेरिकोसील आणि मूळव्याध लपवणारी मुलं हमखास इथे अडकतात. आईशी बोलता येत नसेल तर थेट सर्जनकडे जा.

अधिकारी भरतीत परमनंट अनफिट ठरवलं तरी अपील करता येतं. अपील मंडळापुढची तपासणी ४२ दिवसांच्या आत करून घ्यावी लागते. तिथेही नाकारलं तर पुनर्विलोकन मंडळाची मागणी करता येते, मात्र ते मिळणं हक्काचं नाही, प्रकरणात दम असेल तरच मिळतं. या काळात ‘दोन लाखांत फिट करून देतो’ म्हणणारा माणूस फोन करतोच. त्याच्या हातात काहीही नसतं. तज्ज्ञ वेगळे, रुग्णालय वेगळं, तपासणी नव्याने.

निकालाच्या दिवशी रडू येईल, येऊ द्या. पण तिथून निघण्याआधी अनफिट ठरण्याचं कारण नेमक्या शब्दांत, स्पेलिंगसकट वहीत उतरवून घ्या आणि अपिलाचा कागद, तारीख आणि रुग्णालयाचं नाव नीट वाचा. ‘डोळ्याचं काहीतरी म्हणाले’ एवढ्यावर बाहेरचा कुठलाच डॉक्टर काही सांगू शकत नाही. नेमका शब्द हातात असेल, तर दुसऱ्याच दिवशी त्या विषयाच्या तज्ज्ञाकडे जाता येतं. मग ४२ दिवसांतले एक्केचाळीस शिल्लक असतात.